कोणाच्या हातची दुरुस्ती?

निंतेंदो कंपनीची जुनी गेमबॉय खेळयंत्रे दुरुस्त करणाऱ्यांत दोन तट आहेत आणि त्यांचे एकमेकांशी फारसे पटत नाही. पहिल्याचा आग्रह असा की यंत्र कारखान्यातून निघाले तसेच परत उभे करावे. डिस्प्ले गेला तर दुसऱ्या मेलेल्या यंत्रातला त्याच जातीचा काढून बसवावा. दुसरा तट लख्ख आयपीएस डिस्प्ले, चार्ज होणारी बॅटरी आणि पारदर्शक बॉडी बसवून मोकळा होतो. भांडण जुने असले तरी ज्या रेषेवरून ते चालते, ती रेषा यंत्र उघडून पाहिले तर सापडत नाही. पहिल्या गेमबॉयच्या डिस्प्लेवरच्या उभ्या ओळी गायब होतात, कारण काचेला उष्णतेने चिकटवलेल्या पट्टीचा जोड सुटतो. त्या जोडावरून गरम सोल्डरिंग आयर्न हलक्या हाताने फिरवले की बहुधा ओळी परततात. ही निखळ दुरुस्ती, मान्य. पण सेगाच्या १९९० सालच्या गेम गिअरमधले कपॅसिटर पाझरतात आणि पीसीबीवरचे तांबे खातात; तिथे मूळ जातीऐवजी सिरॅमिक कपॅसिटर टाकायला भले भले शुद्धतावादी तयार असतात. सुटा भाग बदलला, जातही बदलली, तरी त्याला कोणी बदल म्हणत नाही. कपॅसिटरच्या बाबतीत जे चालते, ते डिस्प्लेच्या प्रकाशाच्या बाबतीत भ्रष्टाचार का ठरावे?

शुद्धतावाद्यांचा खरा आधार गुनपेई योकोई हा माणूस आहे. क्योतोमध्ये १९४१ साली जन्मलेला योकोई १९६५ मध्ये निंतेंदोत लागला तो हानाफुदा पत्ते बनवणारी यंत्रे चालू ठेवायला. म्हणजे मुळात तो देखभालीचा माणूस. रिकाम्या वेळात केलेला लांब होणारा खेळण्यातला हात कंपनीचे प्रमुख यामाउची यांच्या नजरेस पडला, १९६६ मध्ये तो 'अल्ट्रा हँड' नावाने बाजारात आला आणि देखभाल सुटली. पुढे त्याच्या विभागाने २१ एप्रिल १९८९ रोजी जपानात गेमबॉय आणला. १६० बाय १४४ ठिपके, चार छटा, रंग नाही, मागून प्रकाश नाही. स्वस्त झालेले, मुरलेले तंत्रज्ञान नव्या कामाला लावायचे, ही त्याची भूमिका. चार पेन्सिल सेलवर गेमबॉय दहा-पंधरा तास सहज चाले. रंगीत आणि उजळ गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. तेव्हा डिस्प्लेचा अंधुकपणा ही चूक नसून हिशेब होता, हा शुद्धतावाद्यांचा मुद्दा बिनतोड आहे. फक्त हिशेब १९८९ चा होता. त्याच निंतेंदोने १९९८ मध्ये जपानपुरता प्रकाश देणारा गेमबॉय लाइट काढला. २००१ चा गेमबॉय ॲडव्हान्स पुन्हा अंधारा निघाला, तेव्हा बाहेरच्यांनी 'आफ्टरबर्नर' नावाचे प्रकाशाचे किट विकायला काढले, आणि २००३ च्या गेमबॉय ॲडव्हान्स एसपीमध्ये कंपनीने स्वतःच दिवा बसवला. ज्याला मोडतोड म्हणून नावे ठेवली, तीच गोष्ट पुढच्या मॉडेलची सोय झाली.

मग मूळ कशाला म्हणायचे? या प्रश्नाचा मला पटणारा निवाडा जपानात नाही, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या लीळा, म्हणजे आयुष्यातले प्रसंग, पंथातल्याच म्हाइंभटांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना गाठून गोळा केल्या आणि रिद्धपूरच्या वाजेश्वरीत लिहिल्या, असे परंपरा सांगते. पुढे मूळ पोथी हरवली. ज्यांच्या तोंडी लीळा होत्या, त्यांच्याकडून त्या पुन्हा उभ्या करण्यात आल्या. हिराइसा या महानुभाव स्त्रीच्या स्मरणातला पाठ त्यांतलाच. या दुरुस्तीत महानुभावांनी एक शहाणपण केले: एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसले नाहीत. अमक्याची वासना (म्हणजे आठवणीतला पाठ) अशी, तमक्याची तशी, असे पाठभेद नावासकट नोंदवून ठेवले. त्यामुळे आज कोणत्या हाताने काय जोडले, हे बऱ्याच अंशी ताडता येते. दुरुस्तीचा प्रामाणिकपणा मूळ वस्तूशी तंतोतंत जुळण्यात शोधला तर हरवलेल्या पोथीपुढे हात टेकावे लागतात. नोंदीत शोधला तर काम चालू राहते.

यावर आक्षेप येईल की पोथीतला मजकूर एका कागदावरून दुसऱ्यावर जातो, यंत्राची काच तशी जात नाही. अर्धे खरे. खेळ कार्ट्रिजच्या चिपमध्ये शाबूत असतो, पण तो रचला गेला होता मंद डिस्प्लेसाठी. जुन्या काचेवर चित्र पुसायला वेळ लागतो. काही खेळ एखादी आकृती एका फ्रेममध्ये दाखवून पुढच्या फ्रेममध्ये लपवत, म्हणजे डोळ्याला ती अर्धपारदर्शक दिसे. जलद आयपीएसवर तीच आकृती नुसती लुकलुकते. हा तोटा खरा आहे आणि बदल करणाऱ्यांनी तो झाकू नये. पण काही नव्या किटमध्ये दोन फ्रेम एकमेकांत मिसळण्याची सोय मुद्दाम दिली जाते, म्हणजे जुना दोष हवा तेव्हा परत मागता येतो. ज्यांना मूळची पर्वा नाही म्हणून हिणवले, त्यांनीच मूळच्या मंदपणाचा इतका बारीक अभ्यास केला.

दुसरा आक्षेप संग्राहकांचा: हात न लागलेल्या यंत्राला भाव जास्त. असेल. भावाचा निकष लावला तर सीलबंद, कधीही न खेळलेले यंत्र सर्वांत शुद्ध ठरते, आणि खेळणे या वस्तूचा तो अपमान आहे.

नोंदीचा पाया तयारच आहे. गेकिओ या टोपणनावाने काम करणाऱ्या फिनलंडच्या एका प्रोग्रॅमरने गेमबॉयच्या बोर्डांचे फोटो, सिरीयल क्रमांक आणि चिपवरच्या तारखा गोळा करणारी सूची चालवली आहे. लोक आपापली यंत्रे उघडून तिच्यात भर घालतात. तिच्याशेजारी दुरुस्तीची वही हवी: कोणता कपॅसिटर कधी बदलला, काढलेला डिस्प्ले कुठे ठेवला, कोणी. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे धरली. बंद पडलेल्या खेळयंत्रांचे नाव त्यात नाही, आणि पस्तीस वर्षांपूर्वीच्या मालाचे सुटे भाग कोणतीही कंपनी पुरवणार नाही. वही दुरुस्त करणाऱ्यालाच लिहावी लागेल. सुरुवात कार्ट्रिजपासून करता येते: पोकेमॉनसारख्या खेळांत खेळाडूची प्रगती एका नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकते, ती काढताच सगळे पुसते, म्हणून बॅटरी बदलण्याआधी रीडरने सेव्ह फाइल उतरवून घ्यावी आणि कार्ट्रिजच्या आत नवी तारीख लिहून चिकटवावी.