रव्याच्या डब्यातलं घराणं

दिवाळीच्या फराळाआधी रव्याचा डबा उन्हात येतो. ताटात रवा ओतला की कधी बोटांना रेशमासारखं जाळं लागतं. जाळ्यात गुठळ्या, गुठळ्यांत एखादी पांढुरकी अळी. डब्याच्या झाकणातून करड्या रंगाचं एक पाखरू फडफडत भिंतीवर जाऊन बसतं. "जाळी धरली गं रव्याला," एवढं म्हणून चाळण सुरू होते.

भिंतीवरचं ते पाखरू म्हणजे तांदळाचा पतंग, कॉर्सायरा सेफॅलोनिका. हेन्री टिब्बट्स स्टेन्टन या इंग्रज कीटकतज्ज्ञाने १८६६ साली त्याचं वर्णन केलं. त्याच्या नावात कॉर्फू आणि केफालोनिया ही ग्रीसची दोन बेटं आहेत. घर मात्र त्याने आपल्या कोठारात केलं. मादीला भिंगाखाली धरलं तर डोक्यापुढे चोचीसारखं काहीतरी निघालेलं दिसतं. ही रस पिण्याची सोंड नव्हे, तर ओठाजवळची स्पर्शांगं लांबून पुढे आलेली असतात. याच चोचीवरून इंग्रजीत या सगळ्या गोतावळ्याला 'स्नाउट मॉथ', म्हणजे सोंडवाले पतंग, म्हणतात. गंमत अशी की तांदळाच्या पतंगाच्या नरात ती जवळपास दिसतच नाही, म्हणजे ओळखीची खूणच निम्म्या कुटुंबाकडे नाही.

ज्या खुणेवर भरवसा ठेवावा ती कोणती, हा प्रश्न अभ्यासकांना दोनशे वर्षं पुरला.

सुरुवात लिनियसपासून होते. १७५८ साली त्याने पतंगांचे गट पाडताना एकाला 'पायरॅलिस' हे नाव दिलं. प्राचीन रोमन लेखक प्लिनीने भट्टीच्या आगीत जगणाऱ्या एका काल्पनिक जीवाचा उल्लेख केला आहे, त्याचं हे नाव. लिनियसने आणखी एक शिस्त घातली. पायरॅलिस गटातल्या जातींची नावं '-ॲलिस'ने संपवायची आणि 'टिनिया' गटातल्या बारीक पतंगांची '-एला'ने. ही शेपटं आजही टिकून आहेत. पिठातला पतंग 'फॅरिनॅलिस', सागाची पानं खाणारा 'मॅकेरॅलिस', वांग्यातला 'ऑर्बोनॅलिस'. उलट मधमाश्यांच्या पोळ्यातली मेणअळी 'मेलोनेला' आणि सुक्या मेव्यातला पतंग 'इंटरपंक्टेला'. पुढे कळलं की ही दुसऱ्या रांगेतली मंडळीही पायरॅलिसचीच भावकी. गट बदलले, पण आडनावं बदलली नाहीत. नुसती नावं वाचूनही वर्गीकरणाचा इतिहास हाती लागतो, तो असा.

मुंबईचा या इतिहासाशी जुना संबंध आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांपैकी एक होते चार्ल्स स्विन्हो, लष्करातले अधिकारी. मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरं-पतंगांवरचं त्यांचं काम १८८५ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आलं. त्यानंतर निलगिरीत चहाचे मळे सांभाळलेल्या जॉर्ज हॅम्पसन यांनी भारतातल्या पतंगांचे चार खंड लिहिले. १८९६ च्या चौथ्या खंडात सोंडवाल्या पतंगांचा सगळा संसार त्यांनी एकाच कुलात, पायरॅलिडीत, मांडला.

तो संसार विभक्त झाला तो कानांवरून. या पतंगांचे कान पोटाच्या मुळाशी असतात. बारीक पडदा आणि त्यामागे कुपी, अशी त्यांची रचना. १९८२ मध्ये ज्योएल मिने या फ्रेंच अभ्यासकाने दाखवून दिलं की काहींची ही कुपी जवळजवळ बंद असते, तर काहींची पुढून उघडी, आणि उघड्या कुपीवाल्यांच्या दोन्ही कानांमध्ये एक छोटी घडीसुद्धा असते. बंद कानांचे ते पायरॅलिडी, उघड्या कानांचे ते क्रॅम्बिडी. दोन्ही मिळून आज सुमारे १६,००० जातींची नोंद आहे. पैकी क्रॅम्बिडी जास्त. वटवाघळाची चाहूल घ्यायला हे कान उपयोगी पडतात. मेणअळीच्या पतंगाचा कान तर ३०० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतो, असं स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली मोजलं. माणसाचा कान २० किलोहर्ट्झलाच थांबतो.

ही वाटणी शेतकऱ्यालाही ओळखीची वाटेल. डब्यात, कोठारात, पोळ्यात शिरणारे बहुतेक जण पायरॅलिडी. शिवारातले मोठे शत्रू मात्र क्रॅम्बिडी. कोकणातल्या भाताचे पोंगे मारणारी आणि पुढे लोंब्यांची पांढरी पळींज करणारी पिवळी खोडकीड, उसाच्या कोंबातली खोडकीड, वांग्याचा शेंडा आणि फळ पोखरणारी अळी, तुरीच्या फुला-शेंगांचं जाळं करणारी मारुका, सगळे याच घरातले.

खाडीकाठच्या माणसाला इथे एक शंका येईल. मुंबईच्या खाड्यांतली तिवरं एखाद्या पावसाळ्यात अचानक करपल्यासारखी तपकिरी होतात, तेही यांचंच काम का? नाही. तिवराची पानं फस्त करणारी ती हायब्लिया प्युएरा, सागावरचीही नामांकित कीड. हॅम्पसनच्या काळी ती तिसऱ्याच कुलात होती, नंतर अभ्यासकांनी तिला या सोंडवाल्यांच्या आसपास आणून पाहिलं, आणि आता तिचं स्वतंत्र बिऱ्हाड आहे. सागावर मात्र दोघींची पाळी लागते. पावसाच्या तोंडावर कोवळी पानं हायब्लिया खाते, हंगामाच्या शेवटी क्रॅम्बिडी कुलातली 'मॅकेरॅलिस' पानाची नुसती जाळी उरवते. फवारणी कधी, कशाची, हे ठरवणाऱ्याला दोघींतला फरक माहीत असावाच लागतो.

ट्रॉम्बेची टेकडी याच खाडीकाठी. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६७ साली अन्नावर किरणप्रक्रिया करणारी प्रयोगशाळा सुरू झाली. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण बंद पुड्यातून आरपार जातात. पुडा न फोडता आतली अंडी-अळ्या मरतात किंवा वांझ होतात. रवा तापत नाही, किरणोत्सारीही होत नाही. १९९८ मध्ये रवा, मैदा, आटा आणि तांदळाला ही प्रक्रिया करायची परवानगी मिळाली. मात्रा ०.२५ ते १ किलोग्रे.

या मात्रेमागे पतंगांचा चिवटपणा आहे. टोके-भुंगेरे कमी मात्रेत वांझ होतात, पतंगांना कितीतरी जास्त लागते. कारण त्यांच्या गुणसूत्रांत आहे. आपल्या गुणसूत्राला पेशी दुभंगताना ओढून नेणारे धागे एका ठरावीक जागी जोडले जातात. किरणांनी तुकडा पडला आणि त्यावर ती जागा नसली, तर तुकडा हरवतो आणि पेशी मरते. पतंगांत धागे गुणसूत्राच्या लांबीभर जोडले जातात, म्हणून तुटका तुकडाही पुढच्या पेशीत पोचतो. त्यातून एक विलक्षण गोष्ट घडते. थोडी मात्रा दिलेला नर पूर्ण वांझ होत नाही, पण त्याची पिल्लं त्याच्याहून अधिक वांझ निघतात. कीड नियंत्रणात या गुणाचा मुद्दाम उपयोग करून घेतात.

लासलगावचं 'कृषक' केंद्र ट्रॉम्बेच्याच संशोधनातून २००२ साली उभं राहिलं. २००७ मध्ये तिथून किरणप्रक्रिया केलेला आंबा अमेरिकेला गेला. अमेरिकी नियमाप्रमाणे फळांवरच्या किडींसाठी ४०० ग्रे पुरतात, मात्र त्या नियमातून पतंगांचे कोष आणि पूर्ण वाढलेले पतंग वगळलेले आहेत. कुठलं घराणं, हे त्या एका अपवादातही विचारावंच लागतं.

याच घराण्याने माणसाला हत्यारंही दिली. १९११ साली जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात एर्न्स्ट बर्लिनर यांना गिरणीतल्या पिठाच्या पतंगाच्या आजारी अळ्यांत एक जिवाणू सापडला. तोच 'बीटी', बॅसिलस थुरिंजिएन्सिस. जालन्याच्या महिकोने बीटी वांगं तयार केलं ते 'ऑर्बोनॅलिस'ला रोखण्यासाठी, म्हणजे एका सोंडवाल्याच्या रोगातून दुसऱ्या सोंडवाल्यावर इलाज. त्यावर नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली.

दुसरं हत्यार अधिक जवळचं आहे. कृषी विद्यापीठांच्या आणि साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत तांदळाचा पतंग मुद्दाम पाळतात. लाकडी खोक्यांत भरडलेली ज्वारी किंवा बाजरी घालून त्यात त्याची अंडी सोडायची, निघालेले पतंग गोळा करायचे, त्यांची अंडी कार्डावर डिंकाने चिकटवायची. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी. मग ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी त्या प्रत्येक अंड्यात आपलं अंडं घालते. हेच ट्रायकोकार्ड. पट्ट्या कापून उसाच्या पानाखाली टाचल्या की गांधीलमाश्या बाहेर पडतात आणि खोडकिडीची अंडी शोधत निघतात.

गांधीलमाश्यांकडे देण्याआधी ती कार्डं थोडा वेळ अतिनील दिव्याखाली ठेवतात. अंड्यातला पतंगाचा गर्भ त्या प्रकाशात मरतो. नाहीतर वाचलेल्या अंड्यांतून अळ्या निघतील आणि शेजारची अंडी, आतल्या गांधीलमाशीसकट, खाऊन टाकतील.