शेळी गाभडली की फक्त क्षारच कमी पडले का?

दिवाळी उलटली, भातं निघाली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. खोपोलीच्या शिळफाट्यापासून कर्जत-खालापूरच्या मोकळ्या खाचरांपर्यंत त्यांचे वाडे पडतात, आणि शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतात. ठाकूर-कातकरी वाड्यांवर तर घरटी चार-दोन शेळ्या असतातच. शेळी असो वा मेंढी, गाभ पडला की पहिला अंदाज ठरलेला असतो: "क्षार कमी पडले." मग दुकानातून पाकीट येतं. या अंदाजात थोडं खरं आहे आणि बरंच धोक्याचं आहे.

आधी खरं काय ते पाहू. "इथे एवढं हिरवं रान आहे, क्षार कशाला कमी पडतील?" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण सह्याद्रीच्या या पायथ्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा धुवाधार पावसात मातीतले क्षार, विशेषतः आयोडीन, वाहून जातात. जगभरात डोंगराळ, अतिपावसाच्या भागांत आयोडीनची कमतरता आढळते ती याचमुळे. त्यात उन्हाळ्यात पोट भरायला उरतो भाताचा पेंढा. त्यात फॉस्फरस कमी असतो, आणि असलेला कॅल्शियमही जनावराच्या अंगी नीट लागत नाही.

आयोडीन कमी पडल्याची खूण डोळ्यांना दिसते. करडू मेलेलं किंवा मरतुकडं जन्मतं, अंगावर केस विरळ असतात, आणि गळ्याखाली बोट फिरवलं की श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना गाठ हाताला लागते. तांबं कमी असेल तर कोकरू जिवंत जन्मतं, पण मागच्या पायांनी लडखडतं. सेलेनियम कमी असेल तर स्नायू दुबळे राहतात, पिल्लू उठून कासेला लागत नाही. म्हणजे खनिजांची कमतरता बहुतेक वेळा हळूहळू बोलते: माज उशिरा येतो, शेळी उलटते, पिल्लं अशक्त निघतात.

पण पंधरवड्यात एकाच गोठ्यातल्या चार-पाच शेळ्या शेवटच्या महिना-दोन महिन्यांत गाभडल्या, तर आधी संसर्गाची शंका घ्यावी. सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेल्ला, शिवाय क्लॅमिडिया, मांजराच्या विष्ठेतून पसरणारा टोक्सोप्लाझ्मा, पीपीआर, अशी ही यादी आहे. यातला एकही आजार क्षारांच्या पाकिटाने जात नाही. पाकीट देऊन वाट पाहण्यात जे आठवडे जातात, त्यांत कळपातली उरलेली जनावरं बाधित होतात.

माणसालाही यातून धोका आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची. डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या शरीरातून ब्रुसेल्लाचा जंतू वेगळा केला. तो येतो कुठून, हे कळायला 1905 साल उजाडलं. थेमिस्टोक्लीस झॅमिट यांना तो वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत सापडला, आणि त्यांचं कच्चं दूध लोक रोज पीत होते. आपल्याकडे आजही गाभडलेल्या शेळीची वार उघड्या हातांनी ओढली जाते, पडलेला गाभ कुत्र्यांपुढे टाकला जातो. हे थांबलंच पाहिजे. घरातल्या गरोदर बाईने तर या कामाला अजिबात हात लावू नये. दूध उकळूनच प्यावं.

"खडे मीठ टांगलंय, तेवढं पुरे" हाही एक गैरसमज. मिठातून सोडियम आणि क्लोराइड मिळतं, ते हवंच. पण मिठागरातल्या साध्या खडे मिठात आयोडीन नगण्य असतं, आणि तांबं, जस्त, फॉस्फरसची गरज त्यातून भागत नाही.

याहून घातक चूक म्हणजे गाईचं खनिज मिश्रण मेंढीला घालणं. मेंढीला तांबं फार थोडं सोसतं. जास्तीचं तांबं महिनोन्‌महिने यकृतात साठत जातं आणि एखाद्या दिवशी एकदम रक्तात उतरतं. डोळे पिवळे पडतात, लघवी लालसर-काळी होते, मेंढी दोन-चार दिवसांत जाते. शेळी यापेक्षा जास्त सोसते. म्हणून मेंढरांसाठी "मेंढीसाठी" असं स्पष्ट छापलेलंच मिश्रण घ्यावं, आणि मात्रा पाकिटावरची पाळावी.

"गाभणीला जास्त घातलं की पिल्लू मोठं होऊन अडतं" म्हणून शेवटी शेवटी खुराक तोडणारेही आहेत. गाभण काळ सुमारे 150 दिवसांचा. त्यातल्या शेवटच्या दीड महिन्यात पिल्लाची बहुतेक वाढ होते. नेमका तेव्हाच खुराक तोडला तर जुळी पोटात असलेली शेळी खाणं टाकते, बसून राहते आणि आई-पिल्लं दोन्ही दगावतात. जंताच्या औषधाचंही भान ठेवावं. गाभण राहिल्यापासून पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये, त्याने गर्भाला इजा होते.

गाभडलेली शेळी लगेच बाजारात नेऊन विकू नका, रोग दुसऱ्याच्या गोठ्यात जातो. तिला वेगळी बांधा. हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून गाभ आणि वार दुहेरी पिशवीत भरा, भोवती बर्फ ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. जाणं जमत नसेल तर 1962 वर फोन करा. कितव्या महिन्यात गाभडली, किती गाभडल्या, नवा बोकड किंवा मेंढा कधी आणला, हे डॉक्टरांना सांगा. नमुने पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात तपासता येतात. उरलेलं चुना टाकून खोल पुरा. क्षारांचं मिश्रण वर्षभर द्या, पण गाभ पडल्यावर आधी तपासणीच करून घ्या.