गृहस्वयंचलनातील सुरक्षा-दोष

घरातील दिवे, कुलपे, कॅमेरे, पाण्याचे पंप, दूरचित्रवाणी संच इ. साधने संगणकजालास वा दूरध्वनिजालास जोडून दुरून चालविण्याच्या पद्धतीस गृहस्वयंचलन म्हणतात. ही साधने आणि त्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारे राउटर, मोडेम इ. यांच्या आज्ञावलीत वा मांडणीत राहून गेलेल्या ज्या उणिवेमुळे अनधिकृत व्यक्तीस साधनाचा ताबा मिळविता येतो किंवा त्यातील माहिती वाचता येते, तिला सुरक्षा-दोष अशी संज्ञा आहे. सुरक्षा-दोष म्हणजे बिघाड नव्हे. बिघडलेले साधन काम करीत नाही. सदोष साधन मालकाचे काम बिनबोभाट करीत राहते आणि त्याच वेळी दुसऱ्याचेही करू शकते. त्यामुळे असा दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

गृहस्वयंचलन ही महानगरांतील सदनिकांपुरती बाब आहे, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. बीड जिल्ह्यातील माजलगाव हे तालुक्याचे ठिकाण उदाहरणादाखल घेता येईल. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणामुळे (१९८७) या परिसरात कापसाबरोबर उसाचेही पीक घेतले जाते. शेतीपंपांना वीज अनेक वर्षे आळीपाळीने दिवसा व रात्री मिळत आल्यामुळे मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारे स्टार्टर मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या परिचयाचे झाले. पुणे येथील संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेले ‘नॅनो गणेश’ हे या प्रकारच्या साधनांचे एक प्रसिद्ध उदाहरण होय. अशा स्टार्टरमध्ये एक सिमकार्ड असते. त्या क्रमांकावर दूरध्वनी केला असता साधन करणाऱ्याचा क्रमांक तपासते किंवा त्याच्याकडून सांकेतिक अंकांची अपेक्षा करते व नंतरच पंप चालू करते. ज्या साध्या साधनांत केवळ क्रमांक पाहिला जातो, त्यांना खोटा क्रमांक दाखवून फसविता येते. ज्यांत काहीच तपासले जात नाही, त्यांचा पंप तो क्रमांक ठाऊक असणारा कोणीही चालवू शकतो. विहिरीत पाणी नसताना मोटार चालत राहिली, तर ती जळते. हा धोका काल्पनिक नसला, तरी रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून विहिरीवर जाणे टळते हा लाभ एवढा मोठा आहे, की कारखान्यातून आलेले सांकेतिक अंक बदलण्याची खटपट सहसा कोणास सुचत नाही.

हीच गोष्ट कॅमेऱ्यांबाबत अधिक गंभीर स्वरूपात आढळते. सराफी दुकाने, दवाखाने, गोदामे आणि अलीकडे घरांची अंगणे येथे कॅमेरे बसविले जातात. ते बसविणारा कारागीर कॅमेरा, चित्रण साठविणारी पेटी व राउटर यांची जोडणी करतो. मालकाच्या मोबाईलवर चित्र दिसू लागले, की काम पूर्ण झाले असे दोघेही मानतात. परवलीचा शब्द बहुधा मूळचाच राहतो किंवा कारागिराने ठरविलेला असतो व त्यालाच ठाऊक असतो. एका नमुन्याच्या असंख्य साधनांना मूळचा शब्द एकच असे व तो माहितीपुस्तिकेत छापलेला असे. म्हणजे कुलूप प्रत्येकाचे वेगळे, किल्ली मात्र सर्वांची एक.

याचे क्लेशकारक उदाहरण फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आले. राजकोट येथील एका प्रसूतिगृहातील स्त्री रुग्णांच्या तपासणीचे चित्रण समाजमाध्यमांतून प्रसृत होत असल्याचे व विकले जात असल्याचे आढळले. अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने केलेल्या तपासात लातूर व सांगली येथून, तसेच उत्तर प्रदेशातून संशयितांना अटक झाली. त्या कॅमेऱ्यांचा परवलीचा शब्द ‘ॲडमिन१२३’ हा होता, असे पुढे प्रसिद्ध झाले. असा शब्द शोधण्यास विशेष विद्वत्ता लागत नाही; प्रचलित शब्द एकामागून एक लावून पाहणारी आज्ञावली त्यास पुरते. तपासणीच्या खोलीत कॅमेरा असावाच का, हा प्रश्न अर्थातच परवलीच्या शब्दाच्या आधीचा आहे.

बाहेरचा मनुष्य घरातील कॅमेऱ्यापर्यंत कसा पोहोचतो, हे समजण्यासाठी राउटरचे कार्य पाहावे लागते. घरातील सर्व साधने बाहेरून एकाच पत्त्याची दिसतात आणि बाहेरून आपण होऊन आलेली विनंती राउटर सामान्यतः आत सोडत नाही. वाड्याच्या दिंडी-दरवाजाशी या व्यवस्थेची तुलना करता येईल. परगावी असताना कॅमेरा पाहता यावा म्हणून या दरवाजात एक झरोका ठेवावा लागतो. काही साधने तर मालकाला न विचारता राउटरला तसे सुचवितात व अनेक राउटर ते निमूटपणे मान्य करतात. दुसऱ्या पद्धतीत कॅमेरा स्वतः निर्मात्याच्या सर्व्हरशी सतत संपर्क ठेवतो. मग घराची सुरक्षितता त्या दूरच्या सर्व्हरवर अवलंबून राहते. एका साधनाचा ताबा मिळाला, की त्याच जालावरील हिशेबाच्या संगणकापर्यंत जाण्याचा मार्गही खुला होऊ शकतो.

सदोष साधनाचा उपद्रव त्याच्या मालकालाच होतो असे नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक आज्ञावलीने जगभरातील कॅमेरे, चित्रण-पेट्या व राउटर यांवर सुमारे साठ ठराविक नावे व परवलीचे शब्द लावून पाहिले आणि लाखो साधने ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या साधनांकडून ‘डिन’ या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरांवर एकाच वेळी विनंत्यांचा भडिमार झाला व ट्विटर, नेटफ्लिक्स इ. सेवा काही काळ विस्कळीत झाल्या. मिराई साधनाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहत असल्याने साधन बंद करून पुन्हा चालू केले, की ती नाहीशी होई. पण परवलीचा शब्द न बदलल्यास थोड्याच वेळात पुन्हा शिरे. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या कर्नाटकासह काही भागांतील ग्राहकांची हजारो मोडेमे अशाच मार्गाने शिरलेल्या आज्ञावलीमुळे निकामी झाली. मूळचा परवलीचा शब्द बदलण्याचे आवाहन निगमने ग्राहकांना तेव्हा केले.

परवलीचा शब्द बदलूनही ज्यांचे निवारण होत नाही, असे दोष जालाच्या आज्ञावलीतच असतात. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेला ‘हार्टब्लीड’ हा दोष ‘ओपनएसएसएल’ या कूटलेखनाच्या आज्ञावलीत सुमारे दोन वर्षे होता. संपर्क चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्यास काही अक्षरे व त्यांची संख्या पाठवितो आणि दुसरा ती जशीच्या तशी परत करतो. आलेली अक्षरे व सांगितलेली संख्या यांचा मेळ पाहण्याचे आज्ञावलीत राहून गेले होते. तलाठ्याकडे एका पानाचा उतारा मागावा, पाने मात्र पन्नास सांगावीत आणि त्याने न पाहता शेजारच्या खातेदारांची पानेही मोजून द्यावीत, तसा हा प्रकार होता. परतीच्या अक्षरांबरोबर स्मृतीतील परवलीचे शब्दही बाहेर पडू शकत. ऑक्टोबर २०१७ मध्ये मॅथी व्हानहूफ या बेल्जियन संशोधकाने वायफायच्या ‘डब्ल्यूपीए२’ या संकेतपद्धतीतच दोष दाखवून दिला. येथे चूक एखाद्या कंपनीची नसून सर्वांनी पाळलेल्या नियमाची होती, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक निर्मात्यास दुरुस्ती करावी लागली.

अशी दुरुस्ती आज्ञावलीच्या सुधारित आवृत्तीच्या रूपाने येते. संगणक व मोबाईल यांना ती बहुधा आपोआप मिळते. स्वस्त राउटरला मात्र ती मालकाने शोधून बसवावी लागते आणि पुष्कळदा निर्मात्याने ती काढणेच थांबविलेले असते. साधनाचे आयुष्य दहा वर्षांचे व त्याची देखभाल दोन-तीन वर्षांची, अशी स्थिती निर्माण होते. हा दोष ग्राहकाच्या माथी मारणे न्याय्य नाही, कारण खरेदीच्या वेळी देखभालीची मुदत त्यास कोणी सांगत नाही. दुरुस्तीचा मार्गही निर्धोक असतोच असे नाही. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ ही घातक आज्ञावली युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या सुधारित आवृत्तीतूनच पसरली व तिच्यामुळे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलाचे कामकाजही विस्कळीत झाले. तिने वापरलेल्या विंडोज प्रणालीतील दोषावर मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती. म्हणजे तेथे बाधा आली ती दुरुस्तीतून, आणि फैलावास वाव मिळाला तो दुसरी दुरुस्ती न बसविल्याने.

भारतात २००४ पासून कार्यरत असलेली ‘सर्ट-इन’ ही संस्था अशा दोषांविषयी सूचना प्रसिद्ध करते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये दुसऱ्याच्या साधनात अनधिकृत प्रवेश करणे व एखाद्याच्या खाजगी अंगांचे चित्रण संमतीविना प्रसृत करणे हे गुन्हे आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व साधनांना सारखाच परवलीचा शब्द देण्यास बंदी असून सुरक्षा-दुरुस्ती किती काळ मिळेल, हे निर्मात्याने जाहीर करावे लागते. भारत सरकारने एप्रिल २०२४ मध्ये पाळत-कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक चाचण्या आवश्यक ठरविल्या व त्यांची अंमलबजावणी एप्रिल २०२५ पासून सुरू झाली. हा नियम विक्रीस येणाऱ्या कॅमेऱ्यांचा आहे. त्यापूर्वी दुकानांत, दवाखान्यांत व घरांत बसविलेल्या कॅमेऱ्यांचे परवलीचे शब्द बदलण्याचे काम त्यांच्या मालकांकडेच राहते.