पुस्तकावरचं वय आणि घरातली मराठी

मुलांच्या चित्रपुस्तकाच्या मलपृष्ठावर हल्ली बहुधा वय छापलेलं असतं: ‘३ ते ५’, ‘५ ते ८’. प्रकाशकाच्या बाजूने ते योग्यच आहे. पण हा आकडा ठरवताना त्याच्या डोळ्यांसमोर पुण्या-नाशकातलं मूल असतं. त्या मुलाला घरात, जिन्यात, बसमध्ये आणि भाजीवाल्याकडेही मराठी ऐकू येते. बडोद्याच्या, इंदूरच्या किंवा हैदराबादच्या आपल्या नातवंडांना ती घरापुरती मिळते, आणि घरातही बरेचदा आजी-आजोबांपुरतीच. बेळगाव किंवा गोव्याकडे परिस्थिती थोडी वेगळी आहे, तिथे रस्त्यावरही मराठी कानी पडते. तरी शाळेची भाषा दुसरी असली की तिथेही हा प्रश्न उभा राहतोच.

समजा, नात सहा वर्षांची आहे. तिची समज सहा वर्षांची, गुजराती सहा वर्षांची आणि मराठी मात्र साडेतीन वर्षांची. तिला ‘६ ते ८’चं पुस्तक दिलं तर दुसऱ्या पानावर ती अडते आणि खेळायला निघून जाते. ‘३ ते ५’चं दिलं तर ‘हे तर बाळाचं आहे’ म्हणून रुसते. दोन्ही वेळा दोष मराठीच्या माथी येतो. माझं म्हणणं असं की, आपल्या घरांसाठी पुस्तक निवडताना दोन वयं वेगळी धरावीत. चित्र मुलाच्या खऱ्या वयाचं असावं आणि मजकूर त्याच्या मराठीच्या वयाचा. चित्रपुस्तक हाच एक प्रकार असा आहे की ज्यात हे जमतं.

असं पुस्तक कसं असतं याचं उत्तम उदाहरण इंग्रजीत आहे. पॅट हचिन्स यांचं ‘रोझीज वॉक’ १९६८ साली निघालं. एक कोंबडी फेरफटका मारून घरी परत येते, एवढीच गोष्ट. सगळं पुस्तक म्हणजे एकच वाक्य, अवघे ३२ शब्द. पण चित्रात तिच्या मागे कोल्हा लागलेला आहे. तो दाताळ्यावर पाय देऊन तोंडावर फटका खातो, तळ्यात पडतो, शेवटी मधमाश्या त्याला पळवून लावतात. मजकुरात कोल्ह्याचं नावसुद्धा नाही! ते मुलाने सांगायचं. तीन वर्षांचं मूल ‘कोल्हा, कोल्हा’ म्हणून ओरडतं. सहा वर्षांचं मूल कोल्हा आता का फसणार, हे आधीच ओळखतं आणि ते आपल्याला सांगण्यासाठी त्याला शब्द लागतात. नेमक्या त्या वेळी आपण मराठी शब्द पुरवायचा. पुस्तक कुठल्या भाषेत छापलं आहे याला इथे फारसं महत्त्व उरत नाही. मराठीत माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ याच कामाचं आहे. नावाप्रमाणेच ते चित्रं वाचायला लावतं.

आता वयाकडे वळू. पहिल्या दीड वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जाड पुठ्ठ्याची पानं, गोल कोपरे, एका पानावर एकच वस्तू आणि तीही घरातली: वाटी, चेंडू, चप्पल, मांजर. नवजात बाळाला सुमारे २० ते ३० सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, म्हणजे मांडीवरचं. पुढे पुस्तक तोंडात जाणार, हे गृहीत धरावं.

दीड ते तीन हा काळ मात्र सोन्याचा. या वयाला प्राणी हवेत, आणि प्राण्यांची पिल्लं तर हवीतच. त्याला एक भाषिक कारण आहे. मराठीत तीन लिंगं आहेत, हिंदीत दोनच. त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांचं नपुंसकलिंग पहिल्यांदा निसटतं आणि ‘ते पुस्तक’ची ‘ती पुस्तक’ होते. वासरू, कोकरू, पिल्लू, पाखरू, लेकरू हे सगळे शब्द ‘ते’ घेणारे. ‘ते वासरू बघ, कसं उड्या मारतंय’, ‘ती कोकरं कुठे चालली?’ असं शंभर वेळा कानावरून गेलं की व्याकरण न शिकवता आत उतरतं. बाराखडीच्या तक्त्याने हे होत नाही. तिथे मुलाने कधी न पाहिलेलं ईडलिंबू आणि ऐरण भेटते, आणि पुढच्या चौकोनात त्यांचं काहीच होत नाही. तक्ता भिंतीवर असू द्या, पण त्याला चित्रपुस्तक समजू नका.

तीन ते पाच या वयात मूल एकच पुस्तक रोज मागतं. मोठ्यांना कंटाळा येतो, पण ते पुरवावं. पुन्हा पुन्हा येणारं वाक्य असलेलं पुस्तक निवडावं, म्हणजे तेवढं वाक्य मूल आपणहून म्हणू लागतं. जे मूल मराठी समजतं पण उत्तर गुजरातीत देतं, त्याच्या तोंडी पहिलं अख्खं मराठी वाक्य बहुधा असंच येतं. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना पुस्तक नुसतं वाचून दाखवण्याऐवजी ‘हे काय करतंय?’, ‘मग काय झालं?’ असे प्रश्न विचारायला आणि मुलाचं उत्तर वाढवून परत सांगायला शिकवलं. सुमारे महिनाभरात ती मुलं बोलण्यात इतरांच्या पुढे गेलेली दिसली. आपल्याकडे मूल दुसऱ्या भाषेत उत्तर देईल. रागावू नये, ‘मराठीत सांग’ म्हणून अडवूही नये. तेच उत्तर आपण मराठीत सहज म्हणावं आणि पान उलटावं.

पाचनंतर मुलाला माणसांच्या गोष्टी लागतात: शाळा, भांडण, आजारपण, पाहुणे. माधुरी पुरंदरे यांची ‘यश’ची आणि ‘राधाचं घर’ची पुस्तकं इथे उपयोगी पडतात. शीर्षकात ‘राधाचे’ नाही, ‘राधाचं’ आहे, हे लक्षात घ्यावं. आपल्या मुलांना आधी बोलण्यातली मराठी भेटली पाहिजे. इंग्रजीवरून घाईने केलेली भाषांतरं मात्र पारखून घ्यावीत. दुकानात उभ्या उभ्या एक पान मोठ्याने वाचून पाहा. आपलीच जीभ अडखळली, तर चित्रं कितीही सुंदर असली तरी पुस्तक परत ठेवा.

आपल्या घरांत सून किंवा जावई दुसऱ्या भाषेचे असणं आता नेहमीचं झालं आहे. अशा घरांत द्विभाषिक पुस्तकं घ्यावीत का, असं विचारलं जातं. जरूर घ्यावीत. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने इंग्रजीसोबत एकेक भारतीय भाषा देणारी चित्रपुस्तकं काढली आहेत आणि त्यांत मराठीही आहे. मुलांचं पहिलं मोठं चित्रपुस्तक म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं ते कोमेनियसचं ‘ऑर्बिस पिक्टस’, १६५८ साली न्यूरेम्बर्गला निघालेलं, लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांतच होतं. द्विभाषिक म्हणजे भेसळ, हा समज सोडावा.

लिपीची गोष्ट निराळी आहे. हिंदी शाळेतलं मूल देवनागरी वाचतं, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण ते ‘ळ’पाशी थांबतं आणि ‘चमचा’तले च ‘चार’सारखे उच्चारतं. गुजराती, कन्नड किंवा तेलुगू शाळेतल्या मुलाला ‘ळ’ ओळखीचा असतो, पण देवनागरी नवी असते. दोघांनाही सुरुवातीला एका पानावर दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर नको, अक्षर ठळक हवं आणि गोष्ट आधी तोंडपाठ झालेली हवी. म्हणजे तिसऱ्या वर्षी पाठ झालेलं तेच जुनं पुस्तक सातव्या वर्षी वाचनाचं पहिलं पुस्तक होतं. म्हणून ते रद्दीत देऊ नये.

मंडळांच्या ग्रंथालयांत बालविभाग असतो, पण बहुतेक ठिकाणी तो कुलूपबंद कपाटात आणि खांद्याच्या उंचीवर. पुस्तकांचा फक्त कणा दिसतो, आणि चार वर्षांच्या मुलाला कणा वाचता येत नाही. वीस पुस्तकं जमिनीलगतच्या फळीवर मुखपृष्ठ पुढे करून मांडली तरी पुरे. फाटतील, चिकटपट्टी लागेल. त्याची तरतूद वार्षिक अंदाजपत्रकातच करून ठेवावी.