दहा रेइसचे दैनिक

लिस्बनच्या ‘दियारिओ द नोतिसियाश’चे नाव निघाले की आपल्याकडचे जाणकार थेट १९७५ साल गाठतात. पुढे नोबेल मिळवणारे जुझे सारामागो तिथे काही महिने दुसऱ्या क्रमांकाचे संपादक होते, यावर त्या पत्राची थोरवी ठरवून मोकळे होतात. वर्तमानपत्र म्हणजे अग्रलेख, असे मानणारा मोठा वर्ग मराठीत आहे. त्या मंडळींशी माझे जुने भांडण आहे आणि या पत्राच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या वाटचालीने माझी बाजू भक्कम केली आहे.

एदुआर्दो कोएल्यो खिळे जुळवण्यापासून वर आलेला पत्रकार, तर तोमाश किंतिनो आंतुनेश छापखान्याचा मालक. २९ डिसेंबर १८६४ रोजी दोघांनी नमुना अंक काढला आणि १ जानेवारी १८६५पासून पत्र रोज निघू लागले. तोवर लिस्बनची पत्रे पक्षांची होती आणि वर्गणीदारांच्या घरी जात होती. या दोघांनी पक्षीय वाद बाहेर ठेवला. बातमी कोणालाही समजेल अशा भाषेत द्यायची आणि अंक कोणालाही परवडेल अशा किमतीत विकायचा, हे धोरण त्यांनी पहिल्याच अंकात जाहीर केले. किंमत तेव्हाच्या पोर्तुगीज चलनात दहा रेइस. पॅरिसच्या स्वस्त ‘पेती जुर्नाल’चे उदाहरण जेमतेम दोन वर्षांपूर्वीचे होते. अंक घेऊन पोरे रस्त्यावर ओरडत फिरू लागली आणि दैनिक दिवाणखान्यातून चौकात आले.

एवढी कमी किंमत झेपली ती छोट्या जाहिरातींच्या जोरावर. हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय. उमेदवारीच्या दिवसांत मी छोट्या जाहिरातींच्या खिडकीशी बसत असे. माणसे हातातले पैसे मोजून एकेक शब्द गाळत, पण हरवलेल्या मुलाच्या शर्टाचा रंग कोणी गाळत नसे. वाचक पत्राला आपले केव्हा मानतो, ते मला तिथे समजले. आपली खोली, आपली नोकरी, आपली हरवलेली वस्तू ज्या कागदावर छापून येते, तो कागद माणूस दुसऱ्या दिवशीही विकत घेतो. कोएल्यो आणि आंतुनेश यांनी पोर्तुगालमध्ये हे सर्वांआधी ओळखले.

अशा पत्रात साहित्य फुलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी १८७० साल पाहावे. सुएझ कालव्याच्या उद्घाटनाला जाऊन आलेल्या तरुण लेखक एसा द केइरोशने जानेवारीत आपला वृत्तान्त याच पत्रात लिहिला. त्याच वर्षी २४ जुलैपासून संपादकांच्या नावे निनावी पत्रे छापून येऊ लागली. सिंत्राच्या रस्त्यावर डोळे बांधून नेलेला एक डॉक्टर, अनोळखी घर, तिथे पडलेले प्रेत. बातम्यांच्या पत्रात आलेली हकिकत लोकांनी बातमी म्हणूनच वाचली. २७ सप्टेंबरला शेवटचे पत्र आले, तेव्हा हे सारे एसा आणि रामाल्यो ओर्तिगांव या दोन मित्रांनी रचले होते, हे उघड झाले. पोर्तुगीजमधल्या रहस्यकथेचा उगम तिथे मानतात. खऱ्या बातम्यांवर विश्वास बसलेला वाचक होता, म्हणून हा खेळ रंगला. तो विश्वास दहा रेइसच्या अंकाने कमावला होता.

कोएल्यो १८८९ साली गेला. लिस्बनच्या बाइर्रो आल्तो भागातल्या ज्या रस्त्यावर छापखाना होता, त्याला पत्राचेच नाव मिळाले. १९०४ साली जवळच्या बागेत कोएल्योचे स्मारक उभे राहिले, त्यात अंक विकणारा पोऱ्याही घडवला आहे. पत्र कोणाच्या जिवावर उभे राहिले, हे त्या शिल्पाइतके स्पष्ट कोणत्याही इतिहासग्रंथाने सांगितलेले नाही.

पुढची कित्येक दशके भराभर उलटावीत अशीच आहेत. १९३२ साली पत्रकार आंतोनियो फेर्रोने हुकूमशहा सालाझारच्या मुलाखती छापल्या आणि पत्र राजवटीच्या मांडीवर जाऊन बसले. १९४० साली पार्दाल मोंतेइरोने बांधलेल्या देखण्या इमारतीत ते गेले. आल्मादा नेग्रेइरोशची भित्तिचित्रे तिथे झळकली. बातमीवर मात्र सेन्सॉरची निळी पेन्सिल फिरत राहिली. १९७४ साली सत्ता बदलली, तशी पत्राची निष्ठा बदलली. १९७५ साली धोरणाला विरोध करणाऱ्या २४ पत्रकारांना बाहेर काढण्यात आले आणि २५ नोव्हेंबरचा डाव्या सैनिकांचा उठाव फसल्यावर सारामागोही बाहेर पडले. कादंबरीकाराला त्याचा लाभ झाला, दैनिकाला झाला नाही. अग्रलेख सर्वात जहाल होता, तेव्हाच हे पत्र वाचकापासून सर्वात दूर होते.

१९९१ साली ते खाजगी मालकांकडे गेले. २०१६ साली ती इमारत सुटली, तिथे महागड्या सदनिका झाल्या. जुलै २०१८मध्ये छापील अंक साप्ताहिक झाला, २९ डिसेंबर २०२०ला पुन्हा रोजचा झाला आणि २०२४च्या सुरुवातीला तिथले पत्रकार थकलेल्या पगारासाठी संपावर गेले. गोव्यात १९०० साली सुरू झालेले पोर्तुगीज दैनिक ‘ओ हेराल्दो’ १९८३ साली इंग्रजी झाले, तेव्हा भाषा सोडूनही त्याने रोजचा वाचक राखला. लिस्बनला भाषा आहे, पण रोजचा वाचक निसटतो आहे, याचे मला मनापासून दुःख होते.

आपल्याकडे अग्रलेखांचे संग्रह उदंड निघाले. अंकाची किंमत कोणी ठरवली, छोट्या जाहिराती कोण देत होते, पहाटे गठ्ठे कोण सोडत होते, याच्या नोंदी कोणी ठेवल्या नाहीत. हे सांगू शकणारी माणसे अजून हयात आहेत, तोवर त्या नोंदी गोळा करण्याचे काम पत्रकारितेच्या विभागांनी हाती घ्यावे. वर्तमानपत्राचा खरा इतिहास त्या नोंदींतच सापडेल.