एकच कोबाल्ट, मात्रा निराळी

नागपूरच्या ‘मेडिकल’ रुग्णालयात कर्करुग्णांना वर्षानुवर्षे ज्या यंत्रावर शेक दिला गेला, त्याच्या पोटात कोबाल्ट-६० असतो. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कांद्याला मोड येऊ न देणारा आणि १९७४पासून मुंबईत ट्रॉम्बेच्या ‘आयसोमेड’मध्ये दवाखान्याचं साहित्य निर्जंतुक करणाराही तोच.

निसर्गात सापडतो तो कोबाल्ट-५९. राजस्थानातल्या रावतभाटा इथल्या अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषून त्याचा किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतो आणि गॅमा किरण सोडत सोडत शेवटी निकेल. पोलादी आवरणात बंद केलेला कोबाल्ट-६०चा स्रोत अणुऊर्जा विभागाची ‘ब्रिट’ ही संस्था पुरवते.

काम ठरतं ते मात्रेवर. ती ‘ग्रे’मध्ये मोजतात: किलोमागे एक ज्यूल ऊर्जा म्हणजे एक ग्रे. रुग्णाच्या गाठीवर बहुधा रोज २ ग्रे, आठवड्याचे पाच दिवस. कांद्याला शंभराच्या आत. २००७मध्ये हापूसला अमेरिकेची दारं पुन्हा उघडली तेव्हा त्याला किमान ४००, म्हणजे कोयीतली कीड पुढे वाढत नाही. सिरिंजांना २५,०००. बियाण्याला काहीशे ग्रे दिले की त्यातली जनुकं बदलतात. त्यातून निवड आणि संकर करत अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साथीने १९८५मध्ये ‘टीएयू-१’ हा उडीद दिला.

४०० ग्रेने आंबा जेमतेम अंशाच्या दहाव्या भागाइतका तापतो. तो किरणोत्सारीही होत नाही, कारण या किरणांत अणुकेंद्र बदलण्याइतकी ताकद नसते. घाव बसतो तो डीएनएवर, म्हणून विभागणाऱ्या पेशी आधी मरतात: गाठीतल्या, तशाच कांद्याच्या कोंबातल्या. याच कारणाने माणसाच्या सबंध अंगावर एकदम ४-५ ग्रे पडले, तर उपचारांविना निम्मी माणसं दगावतात.

कोबाल्टला बटण नसतं. यंत्र बंद म्हणजे स्रोत जाड शिशाआड किंवा पाण्याखाली गेला, एवढंच. सव्वापाच वर्षांनी त्याची शक्ती अर्धी होते. रुग्णाला जिथे मिनिटभर पुरायचं तिथे दोन मिनिटं लागतात, आणि स्रोत बदलावा लागतो. उतरवलेला स्रोत मात्र जिवंतच असतो. २०१०मध्ये दिल्ली विद्यापीठातलं जुनं कोबाल्ट-यंत्र मायापुरीच्या भंगार बाजारात फोडलं गेलं आणि एकाचा जीव गेला. म्हणून नवा स्रोत मागवतानाच जुना परत कुठे जाणार, हे कागदावर ठरलेलं असावं लागतं.