घराची मागली बाजू

आमच्या कोंकणांत घरावर पैसा खर्च करावयाचा झाला म्हणजे तो प्रथम ओटीवर होतो. ओटीस फरशी बसते, पडवीस लोखंडी जाळी लागते, पुढल्या भिंतीस रंग दिला जातो आणि सारवणाचें खळें सिमेंटचें होतें. सोयरा-धायरा, तलाठी, ग्रामसेवक, मुलीस पाहावयास आलेली मंडळी, सर्वांची बैठक ओटीवरच. तेव्हां यांत वावगें तें काय, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांसही तसेंच वाटत होतें. सेवानिवृत्त होतेवेळीं हातीं आलेल्या रकमेंतून आम्हीं पोफळी येथील आमच्या घराची ओटी उत्तम प्रकारें दुरुस्त करून घेतली, आणि पुढल्याच श्रावणांत एके रात्रीं न्हाणीलगतची भिंत सबंध खालीं बसली. दोन तासांपूर्वीं तेथेंच आमच्या सौभाग्यवती भांडीं आवरीत होत्या. कोणास इजा झाली नाहीं, हा केवळ योग.

महसूल खात्यांत असतांना 'अतिवृष्टीनें भिंत कोसळली' हें वाक्य आम्हीं पंचनाम्यांतून किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं. परंतु पाऊस चारी भिंतींवर सारखाच पडतो आणि पडते ती भिंत मात्र बहुधा न्हाणीची किंवा मोरीची असते, ही गोष्ट लिहितांना कधीं मनांत आली नाहीं. ती स्वतःच्या घरीं कळली. जांभ्याचा चिरा पाणी पितो व ओला झाला म्हणजे त्याचें बळ कमी होतें. जुन्या घरांतून चिरे मातींत बसविलेले असतात. ती माती बारा महिने भिजत राहिली कीं तिचा चिखल होतो. मग पाऊस हें केवळ निमित्त. पाया आपणच वर्षभर भिजवीत आलेलों असतों.

हें पाणी आलें कोठून? पूर्वीं विहिरीचें पाणी बायकांच्या डोक्यावरून घरांत येई. त्या हंड्यास किंमत होती. तांदूळ धुतलेलें पाणी गुरांच्या आंबोणांत जाई, आणि मोरींतून बाहेर पडणारें पाणी इतकें थोडें असे कीं तें अळवाच्या दोन वाफ्यांत जिरून जाई. पुढें नळ आला. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जाहीर झालेल्या जलजीवन योजनेंत माणशीं रोज ५५ लिटर पाणी धरलें आहे. त्या मानानें पांच माणसांच्या घरांत २७५ लिटर पाणी येतें. पिणें, रांधणें, सडा-सारवण यांत जिरणारें वजा केलें तरी २०० लिटरांच्या आसपास पाणी रोज मागल्या भिंतीशीं येऊन पडतें. वर्षाचें तें ७० हजार लिटरांवर जातें. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला ही गोष्ट मोठीच झाली. परंतु पाणी आंत आणणारी नळी नवी आणि पाणी बाहेर नेणारी मोरी आमच्या आजोबांच्या वेळची, असा प्रकार घरोघर आहे.

भिंत पुन्हां उभारण्यापूर्वीं आम्हीं प्रथम पाण्याची वाट लाविली. मागल्या जोत्यास लागून तीन फूट रुंदीची दगडी फरसबंदी करून तीस बाहेरच्या अंगास दोन इंच ढाळ दिला, म्हणजे पागोळीचें पाणीही जोत्यापासून दूर पडतें. मोरी व न्हाणी यांचें पाणी तीन इंची नळींतून, दर फुटास पाव इंच ढाळ ठेवून, दीड फूट लांब-रुंद-खोल अशा एका लहान टांक्यांत सोडलें. टांक्याच्या तोंडाशीं नारळाचीं सोडणें दाबून बसविलीं आहेत. शितें, तेलकट साय, केंस, राख हें सर्व त्यांत अडकतें. पंधरवड्यानें तीं सोडणें काढून गायरींत टाकावीं व नवीं घालावीं. हें एवढें काम आळसानें चुकलें कीं पुढील सर्व पाट तुंबतात, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

टांक्यापुढें पाण्यास दोन पाट आहेत. एक चिरा आडवा लावून आज या पाटानें, उद्यां त्या पाटानें असें पाणी सोडतात. एका पाटावर केळीं व अळूं लाविलें आहे. दुसरा माडांकडे जातो. मोठ्या माडास उन्हाळ्यांत दिवसास ४०-५० लिटर पाणी दिलें म्हणजे पुरतें. याचा अर्थ असा कीं जें पाणी आमची भिंत पाडीत होतें तें चार माडांचें पाणी होतें. गांवाचें नांव पोफळी, आणि आमच्या परसांत पोफळीचें झाड एकही नव्हतें. आतां केळींच्या सावलींत सहा रोपें लाविलीं आहेत. कपडे धुण्याच्या सोड्याचें पाणी मात्र एकाच मुळाशीं रोज जाऊं देऊं नये. पाट आळीपाळीनें बदलण्याचें तेंही एक कारण आहे.

शोषखड्ड्याविषयीं येथें दोन शब्द लिहिणें जरूर आहे. तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा दगडगोट्यांनीं भरून त्यांत सांडपाणी सोडण्याची रीत सर्वत्र सांगितली जाते. देशावर ती चांगली चालते. आमच्याकडेही कार्तिकापासून वैशाखापर्यंत चालते. परंतु जेथें पाऊस शंभर इंचांहून अधिक पडतो तेथें आषाढांत जमीनच तुडुंब भरलेली असते. खड्डा शोषणार कोठें? तेव्हां खड्डा असला तरी पावसाळ्याकरितां बागेच्या खालच्या अंगास मोकळा पाट ठेवावाच. शिवाय जांभा हा भोंकाभोंकांचा दगड. विहिरीच्या वरच्या अंगास खड्डा खणला तर आपलेंच धुणें आपण पिण्याची पाळी येते. विहिरीपासून किमान ५० फूट दूर व उताराच्या बाजूसच तो असावा. सांडपाणी आठ-दहा दिवस एके ठिकाणीं साचूं दिलें तर तेवढ्यांत अंड्याचा डांस होऊन उडूं लागतो; पाटाचें पाणी रोजच्या रोज जिरत असल्यामुळें ती भीति राहत नाहीं.

मळ-मूत्र, सांडपाणी, केरकचरा हें सर्व शेताचें देणें आहे व तें शेतास परत गेलें पाहिजे, ही गोष्ट कणकवलीजवळ १९४८ सालीं स्थापन झालेल्या गोपुरी आश्रमांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं स्वतःच्या हातांनीं करून दाखविली. तेव्हां कणकवली आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यांत होती. त्यांचें नांव आम्ही आदरानें घेतों. परंतु घर बांधतांना तें आठवणारे थोडे.

पाण्याची वाट लागली, तेव्हां धुराकडे लक्ष गेलें. वाचक म्हणतील, आतां घरोघर गॅस आहे, धूर कोठला? १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यांतही गॅस पोंचला हें खरें. तथापि भात उकडावयाचा, गुरांचें आंबोण शिजवावयाचें, आंघोळीचें पाणी तापवावयाचें, तर तें चुलीवर. लांकूडफांटा आपल्या रानांतला आणि सिलिंडर विकतचा, हा हिशेब प्रत्येक गृहिणीस कळतो. म्हणून गॅस ओट्यावर आला आणि चूल कोंपऱ्यांत राहिली. घरांतील चुलीच्या धुरानें व अशा इतर जळणानें जगांत २०२० सालीं ३२ लाख माणसें दगावलीं असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आमच्या घरीं तीस वर्षें पहाटे खोकल्याचा आवाज येई आणि तो ऐकूनच आम्ही जागे होत असूं. तो धुराचा आहे हें आम्हांस ठाऊक होतें. ठाऊक असून ओटीस फरशी बसविली.

बिनधुराची चूल ही कांहीं नवी वस्तु नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडींतून मगन चूल पुढें आली. त्यानंतर तिच्या अनेक सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या आणि सरकारी कार्यक्रमांतून लाखों चुली वाटल्याही गेल्या. त्यांतील पुष्कळ पुढें मोडून टाकल्या गेल्या, व त्याचें कारण चुलींत नसून नळींत होतें. या चुलीचें तत्त्व सोपें आहे. जाळ बंद पोटांत असतो, पुढल्या भांड्याखालून तो मागल्या वैलाखालीं जातो, आणि उरलेला धूर उभ्या नळीच्या ओढीनें वर निघून जातो. भांडें तोंडावर बरोबर बसलें पाहिजे; फट राहिली कीं ओढ तुटते. नळींत काजळी धरली तरी ओढ तुटते. महिन्यांतून एकदां काठीस चिंधी बांधून नळी साफ करणें हें काम ज्या घरांत कोणाचेंच नसतें, त्या घरांत सहा महिन्यांत धूर परत येतो. आमच्या घरीं तें काम आम्हीं स्वतःकडे घेतलें आहे.

आमचीही पहिली नळी चुकली. गवंड्यानें ती वळचणीखालींच बाहेर काढली. मृगाचा वारा सुरू होतांच सर्व धूर उलट आंत! मग ती छपरांतून वर नेऊन आढ्याच्या वर दोन फूट काढली व तोंडावर टोपी बसविली. छपरांतून नेतांना वासे व रिपा यांपासून ती एक वीतभर दूर राहील अशी पत्र्याची चौकट करावी, अन्यथा आगीस निमंत्रण. जुन्या ॲस्बेस्टॉसच्या नळ्या कोठें पडलेल्या असल्या तरी त्या घेऊं नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांस घातक ठरली आहे.

धूर गेल्यानें तोटाही होतो आणि तो लपविणें बरें नव्हे. चुलीवरच्या माळ्याचे वासे धुरानें काळे होत, त्यांस भुंगा लागत नसे. दोडका, पडवळ, काकडी यांचें बीं त्याच धुरावर टांगलेलें असे व तें पावसाळाभर टिके. पहिल्या वर्षीं आमचें निम्में बीं बुरसलें. आतां तें कडक उन्हांत वाळवून, कोरड्या राखेंत घालून, घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवितात. वाशांस काजूच्या टरफलाचें तेल चोपडलें आहे. तें तेल हातास लागलें तर फोड येतात, सबब जपून.

उजेडाची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुखाची निघाली. आमच्या गांवच्या डोंगराच्या पोटांत कोयनेचें वीजगृह आहे. १९६२ सालापासून तेथील वीज दूरदूरच्या शहरांस जाते, आणि आमच्या स्वयंपाकघरांत मात्र भर दुपारीं दिवा लावावा लागे. मंगळुरी कौलांच्या मापाचीं कांचेचीं कौलें मिळतात. तीं दोन बसवितांच चुलीपुढें पडणारी स्वतःची सावली नाहींशी झाली. तांदळांतला खडा आतां दिसतो, असें सौभाग्यवती म्हणाल्या. आजवर तो आमच्या दातांसच सांपडत असे.

नवी भिंत उभारतांना पूर्वेस एक खिडकीही ठेविली. या कामीं पोफळी, अलोरे, शिरगांव या बाजूच्या बंधूंनीं विशेष जपावें. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्याच्या आठवणी आमच्या घरांतील वडील माणसें सांगत, आणि या टापूस लहान हिसके अद्यापि बसतात. खिडकी कोंपऱ्यापासून दोन फुटांच्या आंत काढूं नये. तिच्यावरील तुळईस दोहों बाजूंस एकेक फूट टेकण द्यावें. आणि नवी भिंत जुनीस नुसती चिकटवूं नये, थराआड थर चिरे गुंतवावे. दुपाखी भिंतींत दर चार फुटांवर आरपार जाणारा एक लांब चिरा घालावा, नाहींतर हिसका बसतांच दोन्ही पाखीं वेगळीं होतात. गवंडी यास कुरकुरतो, कारण लांब चिरा दोघांस उचलावा लागतो. कुरकुरूं द्यावें.

ओट्यावरून घरांत थोडा वाद झाला. सौभाग्यवतींस बसून रांधण्याची संवय, सूनबाईंस उभ्यानें. शेवटीं चूल खालींच ठेविली व गॅसचा ओटा उभा केला. त्याची उंची गवंडी नेहमींच्या मापानें घेणार होता. आम्हीं सूनबाईंस तेथें उभें करून, कोंपराच्या चार बोटें खालीं भिंतीवर कोळशाची रेघ ओढविली. ती ३१ इंच भरली. ज्यांस तेथें उभें राहावयाचें त्यांचेंच माप घ्यावें, एवढी साधी गोष्ट घरें बांधणाऱ्या पुरुषांस सुचत नाहीं; सुचली ती आमच्या सूनबाईंस.

गोबर गॅसविषयीं विचारणा होते म्हणून लिहितों. एक घनमीटर गॅसला रोज सुमारें २५ किलो शेण लागतें. पांच-सहा माणसांच्या स्वयंपाकास दोन घनमीटर, म्हणजे ५० किलो शेण. आमचीं ठेंगणीं कोंकणी गुरें दिवसभर रानांत असतात, त्यांचें रात्रीचें शेण तेवढेंच गोठ्यांत मिळतें. गोठ्यांत बांधलेल्या दोन-तीन म्हशी असतील तर अवश्य करावा. आमच्या तीन गाईंवर तो चालला नसता, म्हणून आम्हीं केला नाहीं.

सर्व काम एक गवंडी व दोन गडी यांनीं अकरा दिवसांत उरकलें. त्यांत भिंतीचेच सहा दिवस गेले. भातकापणी आटोपल्यावर, शिमग्याच्या आंत, असें काम काढावें. त्यानंतर माणूस मिळत नाहीं आणि आगोट जवळ येते. पहाटेचा खोकला पुष्कळ कमी झाला आहे, अजिबात गेला असें म्हणवत नाहीं. आतां गोठ्याचें मूत्र पाटानें गायरीकडे नेण्याचें काम राहिलें आहे. त्याचे चिरे परसांत आणून रचून ठेविले आहेत.